तगारे काकूंची सून

एका पेल्यात दोन टूथब्रश. फोटो जवळून काढलेला, मागच्या आरशात फ्लॅशचा पांढरा ठिपका.

*

अनारसा तुपात सोडल्यावर फुटून विरला तर तो हसला म्हणतात. तगारे काकूंच्या कढईत कधी कुणी हसलं नाही.

*

म्हापशात पोर्तुगीज असताना ज्याचे आजोबा जन्मले, त्याला पोर्तुगालचा पासपोर्ट मिळू शकतो. मी वेंगुर्ल्याची. मधे तेरेखोलची खाडी.

*

काकूंचा मुलगा निशांत जेवतानासुद्धा कानावरचा हेडफोन काढत नाही.

*

"तुला काम करायची परवानगी नाही ना? नसू दे. मदत करायला कुणाची परवानगी लागत नाही." हे तगारे काकूंचं. कधीही.

*

त्या सकाळी मी मदत करत होते. म्हणजे उजाडल्यापासून सोऱ्या फिरवत होते आणि काकू कढईसमोर झारा घेऊन उभ्या होत्या. लिमरिकमधल्या त्यांच्या घराला मागच्या बाजूला एक खोली वाढवलेली होती, तिथे दोन मोठ्या शेगड्या. दिवाळी आठवड्यावर आली होती. भिंतीला लागून फराळाचे डबे छातीइतके रचलेले, अर्धे गावातल्या इंडियन स्टोअरचे, अर्धे आयर्लंडभर पसरलेल्या मराठी घरांचे.

"काटा येत नाहीये," काकू म्हणाल्या.

"पीठ गार झालंय."

"पीठ नाही, हात गार पडलाय. लक्ष कुठंय तुझं?"

"चकलीत."

"चकलीत असतं तर काटा आला असता." त्यांनी घाणा काढला, पेपरवर पसरला. "आणि ते ताट तिकडे आहे ना, पहिल्या घाण्याचं, ते देवापुढचं आहे. त्याला हात लावू नकोस."

"कधी लावलाय?"

"तसं नाही गं. आपलं आपल्याला कळायला पाहिजे एवढंच. तुम्ही दोघं राहता तसे, मी काही बोलते का?"

"आत्ता बोललात."

"आत्ता मी चकलीचं बोलले."

काकू सांगलीच्या. नवरा वारल्यावर हे घर आणि हा फराळ, दोन्ही त्यांनी एकटीने उभं केलं होतं, आणि त्याबद्दल त्यांना जो अभिमान होता तो रास्त होता. मला त्या आवडत नव्हत्या. त्यांना मी आवडत नव्हते. तरी आम्ही रोज एका शेगडीपाशी उभ्या असायचो, कारण त्यांच्या वरच्या मागच्या खोलीत मी आणि म्हापशाचा, पोर्तुगालच्या पासपोर्टवर आलेला ऑस्विन राहत होतो, आणि माझ्या मदतीच्या बदल्यात त्या भाड्याचा विषय काढत नव्हत्या.

आता नियम सांगते. त्या वर्षी तो असा होता. युरोपातल्या माणसाची बायको असाल, तर राहण्याचा अर्ज केला की निर्णय येईपर्यंत तात्पुरता परवाना मिळायचा आणि त्यावर नोकरी करता यायची. लग्न न केलेली जोडीदार असाल, तर अर्ज पोचल्याची पोच मिळायची. बास. निर्णय येईपर्यंत जेवायचं, झोपायचं आणि आपण खरंच एकत्र राहतो ह्याचे पुरावे गोळा करायचे. नोकरी केलीत तर ती बेकायदा, आणि ती अर्जाच्या विरोधात जाणार.

मी पुण्यात औषधांच्या कंपनीत गोळ्यांची गुणवत्ता तपासायचे. लिमरिकच्या एका कंपनीने माझी मुलाखत घेतली होती, पसंत केलं होतं, आणि परवाना येईल ह्या आशेवर जागा नव्या वर्षापर्यंत धरून ठेवली होती. मला ती नोकरी हवी होती. एवढी, की मी बसने त्या इमारतीवरून जायचे आणि उतरायचे नाही.

मग लग्न का नाही केलं? हे काकूंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. ऑस्विनने सांगितलं, की त्याचं आधी एक लग्न झालं होतं. घटस्फोट गोव्यातल्या कोर्टात झाला. पण लग्न पोर्तुगालच्या दप्तरीही नोंदलेलं होतं, आणि तिथलं कोर्ट घटस्फोट मान्य करेपर्यंत तिथे तो विवाहितच.

"वकील आहे लिस्बनला. होईल म्हणतो," ऑस्विन म्हणाला होता.

"म्हणजे कागदोपत्री ती अजून बायको," काकू म्हणाल्या, "आणि ही..."

काकू वाक्य अर्धं सोडायच्या तेव्हा ते पूर्ण झालेलं असायचं.

*

बेल वाजली. काकूंनी झारा माझ्या हातात दिला आणि दार उघडायला गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्यामागे एक बाई होती. पन्नाशीची, पावसाळी कोट, गळ्यात ओळखपत्र, हातात पॅड. बाई नम्र होती. घरातून खाद्यपदार्थ विकले जातात आणि तिथे माणसं कामाला आहेत अशी तक्रार आली आहे, म्हणून कामगार तपासणीच्या कार्यालयातून आले, असं तिने सांगितलं. फक्त स्वयंपाकाची जागा बघेन, थोडे प्रश्न विचारेन, जाईन.

"इथे किती जण काम करतात?"

"मी एकटी," काकू म्हणाल्या.

बाईने माझ्याकडे बघितलं. माझ्या एका हातात झारा, दुसरा हात कोपरापर्यंत पिठाचा.

"आणि ह्या?"

काकूंना विचार करायला एक चकली तळायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

"ही माझी सून."

मी काकूंकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

"अच्छा. म्हणजे घरच्याच," बाई म्हणाली.

"घरच्याच. सून स्वयंपाकघरात असणारच. आमच्याकडे त्याला काम म्हणत नाहीत."

हे त्या बनवून बोलत नव्हत्या. आजही मला तसंच वाटतं. त्यांच्या डोक्यात पहाटेपासून चकल्या पाडणाऱ्या बाईला एक नाव होतं आणि ते नोकर नव्हतं. खोटं फक्त एवढंच होतं, की ती बाई मी होते.

बाई फ्रीज बघायला वळली. काकू दोन पावलांत देवाच्या फळीपाशी गेल्या, करंड्यात बोट घातलं, परत आल्या आणि माझ्या कपाळावर कुंकू दाबलं. बोट तेलकट होतं. ज्या फळीच्या हातभर जवळ त्यांनी मला कधी येऊ दिलं नव्हतं, तिथलं कुंकू.

"काय करताय?"

"खरं वाटायला हवं," त्या मराठीत, ओठ न हलवता. "तोंड पाडू नकोस. सुना हसतात."

"कुणाच्या?"

"गप्प बस. मला काय, दंड होईल, भरीन. तू काम करताना सापडलीस तर तुझा अर्ज जाईल. विचार कर."

मी विचार केला. खरं सांगितलं, तर मी परवान्याशिवाय काम करत होते. गप्प राहिले, तर मी निशांत तगारेची बायको होते, आणि दुसऱ्या एका कार्यालयात, ऑस्विनची जोडीदार म्हणून, माझी फाइल पडलेली होती. दोन्हीकडून जाणार होती ती नोकरीच.

बाई फ्रीज बंद करून आली. "तुमच्या नवऱ्याचं नाव काय?" तिने मला विचारलं.

"आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही," काकू म्हणाल्या.

सांगलीत नव्याने संसार मांडला तेव्हा काकू आपल्या नवऱ्याला "अरे सुधीर" अशी हाक मारायच्या आणि सासू पंखा हलवत बाहेर जायची. हे काकूंनीच मला हसत सांगितलं होतं.

"लिहून देतील?"

"लिहीतही नाहीत."

"मग मी कुणाला विचारायचं?"

"मला विचारा. निशांत. माझा मुलगा. कॉम्प्युटरमध्ये आहे. वर मीटिंग चाललीय त्याची."

बाईने लिहून घेतलं. तिच्या चेहऱ्यावर ते भाव होते जे दुसऱ्यांच्या रीतीभातींसमोर तिथली चांगली माणसं चेहऱ्यावर आणतात. मी सोऱ्या भरला आणि फिरवू लागले. करायला दुसरं काही नव्हतं.

*

मग मागचं दार उघडलं आणि ऑस्विन आला.

तो मांसाच्या कारखान्यात रात्रपाळीला होता. सकाळी यायचा तेव्हा कपाळावर जाळीच्या टोपीचा वळ आणि अंगाला थंडीचा वास असायचा. बूट दाराशीच काढायचा आणि आधी मला हाक मारायचा.

"चा आसा गो?"

मग त्याला बाई दिसली. मग माझं कपाळ.

"ऑस्विन," काकू मराठीत, गोड आवाजात, जणू चहाचंच विचारताहेत, "ही बाई कामगार तपासणीची आहे. तिला सांगितलंय की ही माझी सून. निशांतची बायको. कळलं?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याला काहीच खुणावलं नाही. मला बघायचं होतं.

"तुम्ही कोण?" बाईने विचारलं.

"भाडेकरू. वरची मागची खोली."

"एकटेच राहता?"

"एकटाच."

"आणि ह्यांना ओळखता?"

"हो तर. निशांतची बायको." त्याने हसून मान डोलावली. "चांगली आहे. चकली मस्त करते."

इथे तो थांबला असता तरी चाललं असतं. इथपर्यंत काकूंनी सांगितलं होतं तेवढंच तो बोलला होता.

"मी लग्नाला होतो ह्यांच्या," ऑस्विन म्हणाला. "श्रीखंड होतं. खूप लोक."

हे कुणी विचारलं नव्हतं.

काकूंनी त्याच्याकडे बघितलं, पहिल्यांदाच पसंतीने. ताटातून एक चकली उचलून त्याच्या हातात दिली. देवापुढच्या ताटातली. तो उभ्या उभ्या खाऊ लागला.

मी सोऱ्या खाली ठेवला.

"नाही," मी म्हणाले. इंग्रजीत. "मी ह्यांची सून नाही. माझं लग्न झालेलं नाही. हा माझा पार्टनर आहे. आम्ही वरच्या खोलीत एकत्र राहतो. माझा राहण्याचा अर्ज चालू आहे, निर्णय यायचाय. आणि हो, मी इथे काम करते."

तेल चुरचुरत होतं. बाईने पेन उचललं, पण लिहिलं नाही. ती ऑस्विनकडे वळली.

"हे खरं आहे?"

तो चकली चावत होता. गिळेपर्यंत त्याला वेळ मिळाला.

"नाही," तो म्हणाला. "म्हणजे, घरात जरा वाद झालाय. सासूशी."

"सणासुदीला होतं असं," काकू म्हणाल्या. "नवीन सुना मनाला फार लावून घेतात."

"वर चला," मी बाईला म्हणाले. "खोली बघा. माझे कपडे आहेत. त्याचे आहेत. एका पेल्यात टूथब्रश आहेत. त्यांचे फोटो काढून पाठवलेत आम्ही."

"टूथब्रशांचे फोटो?"

"पुरावा म्हणून."

"मला वर जायचा अधिकार नाही," बाई म्हणाली. तिला वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. "माझं काम स्वयंपाकाच्या जागेपुरतं."

"ऑस्विन," मी म्हणाले, "हिला सांग."

"काय सांगू?" तो इंग्रजीतच म्हणाला, परक्या बाईशी बोलावं तसं.

काकू शेगडीकडे वळल्या आणि चकल्या उलटू लागल्या. त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता. एका बाजूला घरमालकीण आणि भाडेकरू, दोघंही शांत, दोघांचं म्हणणं एक. दुसऱ्या बाजूला कपाळाला ओलं कुंकू लावलेली, पिठाने माखलेली मुलगी, जी टूथब्रशांचं काहीतरी बोलत होती. मी त्या बाईच्या जागी असते, तर मीही काकूंचंच लिहिलं असतं.

*

जिन्यावर पावलं वाजली. निशांत रिकामा कप घेऊन खाली आला. हेडफोन कानावर. त्याने कुणाकडे बघितलं नाही, सरळ किटलीकडे गेला.

"निशांत?" बाईने विचारलं.

त्याने एक कान मोकळा केला.

"ही तुमची बायको ना?"

निशांतने माझ्याकडे बघितलं. मग बाईकडे. मग आईकडे.

"आई, माझं लग्न झालंय का?"

तो टोमणा मारत नव्हता. खरोखर विचारत होता. त्याच्या आयुष्यातल्या बऱ्याच गोष्टी आईने त्याला नंतर सांगितल्या होत्या.

"निशू, तू वर जा," काकू म्हणाल्या.

"नाही, पण ही ऑस्विनची आहे," निशांत बाईला म्हणाला. "दोघं माझ्या शेजारच्या खोलीत असतात. ही इथे काम करते. पहाटेपासून नुसता खडखडाट. मी आईला किती वेळा सांगितलं, माझ्या मीटिंगमध्ये ऐकू जातं." त्याने कपात पाणी ओतलं. "अजून काही?"

"नाही. आभारी आहे."

त्याने कान झाकला आणि वर गेला.

चकल्या काळ्या पडत होत्या. बाईने काकूंना शेगडी बंद करायला सांगितली. मग ती टेबलापाशी बसली आणि बराच वेळ लिहीत राहिली. मधे तिने ऑस्विनला एकदाच विचारलं, तुम्हाला तुमचं म्हणणं बदलायचंय का? काकू त्याच्याकडे बघत होत्या. मी बघत होते. त्याने बोटांचं तेल पँटला पुसलं.

"मी जे बोललो ते बोललो," तो म्हणाला.

*

बाई गेल्यावर काकूंनी कढई उचलून सिंकमध्ये ठेवली, तेलासकट.

"तुला वाचवायला गेले मी," त्या म्हणाल्या.

"तुम्ही स्वतःला वाचवायला गेलात."

"दोघींना वाचवत होते. त्यात दोघी वाचल्या असत्या. तुझं तोंड आडवं आलं." त्यांनी हात पुसले. "माझ्या देवाचं कुंकू लावलं मी तुला. ख्रिश्चनाच्या खोलीत राहणाऱ्या बाईला. आणि तू माझ्याच घरात उभी राहून मला खोटी पाडलीस."

"तुम्ही खोटंच बोलत होतात."

"सून म्हणाले. शिवी नाही दिली." त्या डब्यांच्या रांगेकडे बघत राहिल्या. "दिवाळी झाली की खोली रिकामी करा. आणि कपाळ धू. माझ्याने बघवत नाही."

वर खोलीत ऑस्विन पलंगावर बूट न काढता बसला होता.

"वाचवत होतो गो तुला," तो म्हणाला. तेच वाक्य, मला वाटलं दोघांनी ठरवून वाटून घेतलंय.

"श्रीखंड कुठून आणलंस?"

"सुचलं."

"तू मराठी लग्नात कधी जेवला आहेस?"

"मग काय सांगायचं होतं? काकू बोलून गेली होती. मी वेगळं बोललो असतो तर तू काम करतेस हे उघडं पडलं असतं."

"ते मी स्वतः सांगितलं."

"म्हणूनच तर. खोडायला नको? तुझ्यासाठीच खोडलं."

त्याच्या बोलण्यात चूक काढता येत नव्हती. मी खूप शोधली. तो थकलेला होता, रात्रभर गार खोलीत उभा राहून आला होता, आणि त्याला दोन मिनिटांत नाटकातली भूमिका मिळाली होती. मी ती त्याने फार छान केली म्हणून चिडले होते, असंच मी स्वतःला सांगितलं.

"आपलं लग्न झालेलं असतं तर ह्यातलं काही झालं नसतं," मी म्हणाले. "परवाना हातात असता. मी आत्ता कंपनीत असते."

"मला काय माहीत नाही?"

"वकील काय म्हणतो?"

"लिस्बनचं काम हळू असतं गो. उद्या फोन करतो त्याला."

तो बूट काढून आडवा झाला. मी न्हाणीघरात गेले, कपाळ धुतलं. कुंकू तेलातलं होतं, लवकर निघेना.

*

त्या बाईचा अहवाल माझ्या फाइलला जोडला गेला आणि अर्ज जानेवारीत नामंजूर झाला. कारण परवान्याशिवाय काम केल्याचं नव्हतं. त्याबद्दल एक ओळ होती, सौम्य. कारण असं होतं, की ज्याची जोडीदार म्हणून मी अर्ज केला, त्यानेच एका सरकारी अधिकाऱ्यासमोर आपण एकटे राहतो असं सांगितलं, मी दुसऱ्याची पत्नी असल्याचं सांगितलं, विचारूनही ते बदललं नाही. निशांतचं म्हणणंही त्यात होतं. पण जो नातं नाही म्हणतो तो जोडीदार स्वतः असेल, तर शेजारच्या खोलीतल्या माणसाचं कोण धरणार?

जागा कंपनीने दुसऱ्याला दिली. त्यांनी फोन करून कळवलं, चांगल्या शब्दांत.

मी मार्चमध्ये परत आले. ऑस्विन विमानतळापर्यंत आला होता. अपील करू, वकील बघू, लग्नाचं होईल, तो सगळं बोलत होता. मी ऐकत होते आणि माझ्या लक्षात येत होतं, की तो काहीही सांगू लागला की मी आता त्यात श्रीखंड शोधते.

काकूंना दंड झाला, त्यांनी तो भरला. पुढच्या दिवाळीत त्यांच्याकडे नागपूरची एक विद्यार्थिनी मदतीला होती. पाडव्याला अजूनही त्यांचा मला शुभेच्छांचा मेसेज येतो, पणतीचं चित्र आणि खाली "तगारे परिवार". मी उत्तर पाठवते. पुण्यातल्या कंपनीत मी पुन्हा गोळ्या तपासते.

लिस्बनच्या कोर्टाने ऑस्विनचा घटस्फोट त्या दिवाळीच्या आधीच्या जूनमध्ये मान्य केला होता, आणि ते त्याला जूनमध्येच कळलं होतं.